राहिलेल्यांचं काम

कोटाच्या कोपरावरचं भोक तिसऱ्यांदा उघडलं, तेव्हा रफूवालीने सुई खाली ठेवली.

पहिल्यांदा तिला वाटलं, धागा कच्चा निघाला असेल. रफूचा धागा ती कधी बाहेरून आणत नसे. कोटाच्याच आतल्या शिवणीतून, कुणाची नजर पोचणार नाही अशा दुमडीतून एकेक धागा ओढून काढायचा आणि त्या धाग्यानेच भोक विणून भरायचं. कापडाची जखम कापडानेच भरते, असं तिला शिकवलेलं. दुसऱ्यांदा तिने डोळ्यांना दोष दिला. तिसऱ्या सकाळी भोक पुन्हा होतं तसंच होतं, गोल आणि स्वच्छ, एक धागा लोंबत नव्हता.

"मावशी, हात गेला का काय तुमचा?" पलीकडच्या टेबलावरून इस्त्रीवाला म्हणाला. "एका भोकाला तीन दिवस! एवढ्यात माणूस नवा कोट शिवून, घालून, फाडून मोकळा होतो."

"तू आपली कॉलर बघ. जळतेय."

कॉलर जळत नव्हती. पण त्याने दचकून इस्त्री उचलली आणि तेवढा वेळ तो गप्प बसला, हे पुष्कळ झालं.

तिने कोटाला टाचलेली चिठ्ठी उलटून पाहिली. 'काटेवाला, बाजाराच्या मागे, तिसरा मजला.' तिने कोटाची घडी घातली. ज्या घरी बोलावणं न्यायचं असतं, त्या घरच्या कपड्यावर तिचं रफू टिकत नाही. वर्षातून एकदा असं होतं, एखाद्या वर्षी दोनदा.

हे बोलावणं ज्या शाळेचं, ती शाळा कुठे आहे, हे रफूवालीला माहीत नव्हतं. तिथे जादू शिकवतात, ज्यांच्या अंगात ती मुळातच आहे अशा पोरांना ती आवरायला शिकवतात, एवढं तिने ऐकलं होतं. पाहिलं काहीच नव्हतं, कारण ती गेलीच नव्हती. आणि म्हणूनच हे काम तिच्याकडे आलं होतं. बोलावणं न्यायचं ते 'नाही' म्हटलेल्या माणसानेच, असा त्यांचा पहिल्यापासूनचा रिवाज.

"गेलेल्याला फक्त जाणं ठाऊक असतं," छत्रीवाला म्हणायचा. "मागे राहणं काय असतं, ते राहिलेल्याला विचारावं. पोरांना दोन्ही कळायला पाहिजे. म्हणून आपण."

हा छत्रीवाला तिला बोलावायला आला होता, ती अकरा वर्षांची असताना. ती 'नाही' म्हणाली, आणि रिवाजाप्रमाणे त्याची झाली. म्हणजे दर आठवड्याला अर्धा दिवस त्याच्या दुकानात जाऊन बसायचं, काम शिकायचं. त्याला खूण छत्रीतून मिळे. शिवलेली छत्री पुन्हा गळायला लागली, की तो टोपी घालून निघायचा. चौदा वर्षं ती त्याच्याकडे गेली. मग तो वारला. त्याला आता एकोणतीस वर्षं झाली होती, आणि या एकोणतीस वर्षांत शाळेबद्दल, बोलावण्याबद्दल, जे हातून निसटलं त्याबद्दल एक शब्द बोलायला तिला कुणी नव्हतं. तिने आजवर एकतीस पोरांना बोलावणं नेलं. एकतिसाच्या एकतीस 'हो' म्हणाली आणि गेली.

दुकानाच्या वरच तिची खोली होती. खोलीत दोन खुर्च्या. एकीवर ती बसायची, दुसरीवर पातळ वाळायचं. सुई हरवली की ती मोठ्याने म्हणायची, "कुठे गेलीस गं बये?" आणि सुई सापडल्यावरही थोडा वेळ शोधत राहायची, तेवढंच बोलणं चालू राहावं म्हणून.

कुणीतरी एकाने 'नाही' म्हणावं, ही इच्छा तिने कधी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. दाखवणार कुणाजवळ?

दुपारी ती निघाली. बाजारामागची इमारत जुनी नव्हती, नुसती मळलेली होती. तिसऱ्या मजल्यावर, बंद दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर एक मुलगी गुडघ्यावर पुस्तक ठेवून बसली होती. अकरा-बारा वर्षांची. मनगटं अशी, की बांगडी कोपरापर्यंत जावी.

"आत्ता आत नाही जायचं," मुलगी म्हणाली. "बाबा शून्य लावतायत."

"मग तू बाहेर का?"

"मी आत असले की शून्य लागत नाही." सर्दी झालीय म्हणावं, इतक्या साधेपणाने ती हे म्हणाली.

आतून आवाज आला, "गुंजे, ये गं! लागलं!" आणि दार उघडलं. काटेवाला हातातला चिमटा तसाच धरून उभा होता. चष्मा कपाळावर, शर्टावर पितळ घासायची पावडर. "अरे! कोट घेऊन तुम्ही कशाला आलात? मी आलो असतो."

"रफू झालं नाही."

"हात्तिच्या! आणि हे सांगायला तीन मजले चढलात?"

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला लागून सगळे काटे मांडलेले. भाजीवाल्यांचे तराजू, टांगायचे काटे, पोती मोजायचा लोखंडी पाटाचा काटा, आणि खिडकीपाशी काचेच्या पेटीत औषधवाल्याचा एवढासा, चिमणीच्या पंजाएवढ्या पारड्यांचा. सगळे शून्यावर उभे होते. गुंज उंबरा ओलांडून आत आली आणि सगळे एका केसाने खाली झुकले.

"बघितलंत?" काटेवाला म्हणाला. "गिऱ्हाइकांना मी सांगतो, वारा आहे. खिडकी बंद असली तरी सांगतो. हिला शाळेत कुणी बोललं, की पोत्याचा काटा पाव किलो खाली. आत्या येऊन गेली त्या दिवशी तर अर्धा किलो."

"बाबा!"

"अगं, मग! माझीच बहीण ती. मलाही जड जातं." तो हसला, आणि मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "हिची आई गेली तेव्हा ही चार वर्षांची. महिनाभर या खोलीतून एक काटा दुरुस्त होऊन बाहेर गेला नाही. तेव्हापासून मी हिला गुंज म्हणतो. म्हटलं, एवढंच वजन ठेव बाई. एका गुंजेएवढं. जास्त नको."

रफूवालीने स्टूल ओढलं. "मी बसते. आता नीट ऐका दोघं. मी बसलेय तोवर एक बोलावणं आहे, हिच्यासाठी. मी उठले की ते संपलं. पुन्हा येत नाही. मी तीन ओळी म्हणते. चौथी तुझ्या तोंडात आली तर म्हण. नाही आली तर मी घर चुकले म्हणायचं."

तिने डोळे मिटले. या ओळी म्हणताना तिचा आवाज दर वेळी वेगळाच व्हायचा, जात्यावर बसलेल्या बाईसारखा खोल.

दारी उभी पहाट गं, हाती नाही दिवा,
वाट म्हणे पावलाला, ऊठ माझ्या जिवा,
उंबऱ्याच्या पलीकडे कोण हाक मारी —

गुंजेने पुस्तक मिटलं. तिचे ओठ हलले, आणि जणू शेजारून कुणी सांगतंय तशी ती म्हणाली,

हलकी मी होऊ कशी, बाप मागे घरी.

काटेवाला हसायला गेला आणि थांबला. "कुठल्या धड्यातलं गं हे?"

"माहीत नाही. आलं तोंडात."

रफूवालीने डोळे उघडले. तिने आजवर एकतीस चौथ्या ओळी ऐकल्या होत्या. कुणी तारे मागितले होते, कुणी पंख, कुणी नुसतंच 'आलो, आलो' म्हटलं होतं. अशी ओळ एकदाच आली होती, त्रेचाळीस वर्षांपूर्वी, तिच्याच तोंडून:

आई झोपे तापामध्ये, थांब जरा दारी.

ही 'नाही' म्हणणार. तिला आतून कळलं, आणि आनंद झाला, आणि आनंदाची लाज वाटली, तरी आनंद गेला नाही. दुसऱ्या खुर्चीवरचं पातळ काढावं लागेल. पोरीला उजेडाकडे बसवावं लागेल, कारण रफू शिकवायचं तर उजेड डाव्या हाताने यायला हवा.

तिने शाळेबद्दल सांगितलं. थोडंच होतं, लवकर संपलं.

"शाळा कशी आहे?" गुंजेने विचारलं.

"मी नाही पाहिली."

"अहो, मग बोलावता कशा?" काटेवाला म्हणाला. "न खाल्लेल्या आंब्याचं झाड दाखवल्यासारखं झालं हे."

"मला बोलावलं होतं. मी गेले नाही. जे जात नाहीत, ते बोलवायला जातात."

"परत येता येतं?" गुंज.

"तीन वर्षांनी पहिल्यांदा. मग दर वर्षी एकदा."

गुंजेने बापाकडे पाहिलं. बाप चिमट्याने एक वजन उचलून ठेवत होता, पुन्हा उचलत होता, पुन्हा ठेवत होता.

"मला नाही जायचं," ती म्हणाली.

खोलीतले सगळे काटे खाली गेले. पोत्याच्या काट्याचा लोखंडी पाट धाडकन आदळला. काचेच्या पेटीतलं पारडं तळाला टेकून राहिलं. काटेवाल्याने एकेकाकडे पाहिलं, सावकाश, गिऱ्हाईक समोर असताना पाहतो तसं.

"का नाही जायचं?"

"तुम्ही एकटे काय कराल?"

"काय करेन म्हणजे? मी काय कुक्कुलं बाळ आहे? भाजी येते मला करता."

"काल करपली होती."

"करपली, पण आली ना करता? करपलेली भाजी ही काय आपोआप होते?"

गुंज हसली नाही. "मी नाही म्हटलंय," ती रफूवालीला म्हणाली. "आता तुम्ही उठायचं ना?"

रफूवालीचे गुडघे खरोखरच सरळ व्हायला लागले होते. तिने ते पाहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. आणि एकदम तिला तो दिवस दिसला. आईचं कण्हणं, ओल्या फडक्याचा वास. ती 'नाही' म्हणाली आणि छत्रीवाला उठला. लगेच उठला. तिचा शब्द पुरा झाला नव्हता, तोवर त्याची टोपी डोक्यावर होती. त्रेचाळीस वर्षं ती समजत आली, की तो रिवाज असावा. पण रिवाज एवढाच होता की बोलावायला आलेला उठला की बोलावणं संपतं. कधी उठावं, हे कुणीच ठरवलेलं नव्हतं. छत्रीवाला दुपारभर बसू शकला असता. नऊ दिवस बसू शकला असता.

चांगला माणूस होता. तिच्यावर त्याने बापासारखी माया केली. पण एकटा होता फार.

ती स्टुलावर परत टेकली. "उठते. पाय दुखतायत. जरा थांब."

"चहा टाकतो," काटेवाला म्हणाला आणि पडद्यामागच्या ओट्याकडे गेला. भांडं आपटल्याचा आवाज आला, मग काडी पेटत नसल्याचा, मग पुन्हा काडीचा.

गुंज जवळ येऊन बसली. "तुम्ही का गेला नाहीत?"

"आई आजारी होती."

"मग? गेली ती?"

"नाही. नवव्या दिवशी उठली आणि धुणं धुवायला बसली."

"म्हणजे बरी झाली! मग चांगलंच झालं ना, तुम्ही राहिलात ते?"

इथे 'हो' म्हणून थांबता आलं असतं. खोटं नव्हतं ते. एवढ्या एका 'हो'वर ही पोर उद्यापासून तिची झाली असती, आठवड्याला अर्धा दिवस, वर्षानुवर्षं.

"त्यानंतर ती तीस वर्षं जगली," रफूवाली म्हणाली. "मी तिला काही सांगितलं नाही, की मला बोलावणं आलं होतं. म्हटलं, उगाच तिच्या जिवाला घोर. पण ती कधी म्हणायची, आमटीत मीठ जास्त झालं, की माझ्या मनात यायचं, हिच्यासाठी मी राहिले, आणि ही मला मिठाचं सांगते. मी गप्प व्हायचे. दोन दिवस, तीन दिवस. तिला बिचारीला कळायचंच नाही. एकदा भांडी घासता घासता म्हणाली, 'माझं काय चुकतं गं बाळा? तू अशी का बघतेस माझ्याकडे?'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"'काही नाही' म्हणाले."

पडद्यामागे चहा उकळून वर आला होता. कुणी गॅस बंद करत नव्हतं. मग बंद झाला. काटेवाला तीन कप घेऊन आला, त्यांतले दोन बशीत सांडलेले. त्याने ते पोत्याच्या काट्यावरच ठेवले, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

"मला अशी बघणारी पोर नको गं घरात," तो म्हणाला.

"मी नाही बघणार तशी."

"ह्यांनी काय ठरवून बघितलं होतं?"

गुंज बशीतला चहा बोटाने इकडेतिकडे करत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "मावशी, मी राहिले तर काय होईल?"

"माझ्याकडे येशील. मी तुला काम शिकवेन. आधी रफू, मग ओळी. दुपारी बोलत बसू आपण." रफूवालीचा आवाज बारीक झाला. "मला फार आवडेल. इतकं आवडेल, की म्हणून सांगते, यात माझं ऐकू नकोस."

खालच्या गल्लीत कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, आणि तिचं एक चाक दर फेऱ्याला कुरकुरत होतं. ते कुरकुरणं कोपऱ्यावरून वळून गेलं तरी तिघं तशीच.

"तीन वर्षांनी येशील तेव्हा भांडायला ये," काटेवाला म्हणाला. "तोवर मी भाजी शिकतो."

"खोटं."

"बरं. निम्मी शिकतो."

"आत्याला बोलवाल?"

"एवढी पण शिक्षा नको."

गुंजेला हसू आलं आणि त्या हसण्यातच तिचे डोळे भरले. तिने ते बाहीला पुसले. "जाते," ती म्हणाली. "बाबा, मी जाते."

एकदा 'हो' म्हटलं की थांबायचं नसतं. निरोप लांबला की पाऊल जड होतं. हे रफूवालीने सांगितलं, आणि काटेवाला एकदम खूप कामाला लागला. स्वेटर, दुसरा स्वेटर, कंगवा, साबणाची वडी कागदात. कागद फाटला, दुसरा कागद. पिशवीची गाठ त्याने तीनदा सोडली आणि तीनदा बांधली. गुंज त्याच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली, तेव्हा त्याने तिच्या केसांवर हात ठेवला, पावडरीचा, आणि केस पांढरे झाले.

"म्हातारी झालीस बघ," तो म्हणाला.

ती बाहेर पडली. तिच्यामागे कुणी जायचं नसतं. दोघं दारात उभी राहिली.

"चौपन्न पायऱ्या आहेत," काटेवाला हळूच म्हणाला. "मजल्याला अठरा." तिची पावलं वाजत होती आणि तो ओठांतल्या ओठांत मोजत होता. अठरा झाल्या. छत्तीस झाल्या. "एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न, चौपन्न." आता खालचं दार करकरायला हवं होतं.

दार करकरलं नाही. पाऊल वाजलं. पंचावन्न. छप्पन्न. खाली तळमजला होता, तळमजल्याखाली माती, आणि पोरगी उतरतच होती, पाय न अडखळता, जशी रोजची वाट असावी. सत्तरपर्यंत त्याने मोजलं. मग मोजणं सोडलं. आवाज येत राहिला. तो इतका सावकाश बारीक झाला, की कधी थांबला ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

रफूवाली आत गेली नाही. "येते मी," ती म्हणाली.

"चला, खालपर्यंत येतो."

दोघं उतरली. चौपन्न पायऱ्या, आणि मग फरशी. काटेवाल्याने फरशीवर एकदा पाय आपटून पाहिला. फरशीच होती. बाहेर बाजार आवरायला लागला होता. माणसं टोपल्या एकात एक घालत होती, कुणी रस्त्यावर पाणी मारत होतं.

"या कधी तरी," काटेवाला म्हणाला.

"येईन."

लोक म्हणतात तसं दोघं म्हणाली. ती चालू लागली. कोपऱ्यावर पोचल्यावर तिने मागे वळून पाहिलं. तो दाराच्या आत, जिन्याकडे तोंड करून उभा होता. एक पाय पहिल्या पायरीवर ठेवलेला, एक खाली. कठड्याला हात.

तो वर गेला की आपण निघायचं, असं तिने ठरवलं. म्हणून ती तिथेच थांबली, कुणाच्या तरी बंद दुकानाच्या फळीला टेकून. रस्त्यावरचे दिवे एकेक करून लागले. वर आता सगळे काटे शून्यावर असणार. तो पायरी चढेना.